पहाटे तीन ते पावणेपाच

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की मोबाइलवर निरोप फिरायला लागतात: १२-१३ तारखेच्या रात्री तासाला शंभर उल्का पडणार, चुकवू नका. निरोपात खोटं काही नसतं. ययाती तारकासमूहातून येणारा तो वर्षाव वर्षातल्या मोठ्या वर्षावांपैकी एक आहे, आणि युरोप-अमेरिकेत तो ऐन उन्हाळ्यात, कोरड्या उबदार रात्री येतो. तिकडे लोक हिरवळीवर चादर टाकून तो बघतात. त्याच रात्री ठाण्यात उपवन तलावावर सरीमागून सर कोसळत असते आणि ढग येऊरच्या माथ्याला टेकलेले असतात. दुसऱ्यांच्या उन्हाळ्यातलं आकाश आपण आपल्या पावसाळ्यात शोधतो आणि दरवर्षी हिरमुसले होऊन खिडकी लावून घेतो.

आपल्या उन्हाळ्याचा वेगळा वर्षाव आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो सुरू होतो, मे संपेपर्यंत रेंगाळतो आणि ५ ते ७ मेच्या सुमारास भरात येतो. त्याच्या उल्का कुंभ राशीतल्या ईटा नावाच्या ताऱ्याजवळून निघाल्यासारख्या दिसतात, म्हणून जगभर त्याला ईटा अ‍ॅक्वेरिड म्हणतात. इथे आपण त्याला कुंभेचा वर्षाव म्हणू. त्याचा मोठा गुण असा की त्याचं शिखर टोकदार नाही, पठारासारखं आहे. साधारण ३ ते १० मेपर्यंत कोणतीही पहाट चालते. एक दिवस ढग आले किंवा गजर वाजूनही डोळा उघडला नाही, तर दुसरा दिवस हातात असतो.

ही धूळ हॅलेच्या धूमकेतूची आहे. हॅले शेवटचा सूर्याजवळ आला तो फेब्रुवारी १९८६ मध्ये. मुंबई-ठाण्यातल्या आकाशवेड्यांची एक पिढीच त्या धूमकेतूने घडवली. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेची सुरुवातही त्याच काळातली. डिसेंबर २०२३ मध्ये तो नेपच्यूनच्या कक्षेपलीकडच्या आपल्या सर्वांत दूरच्या टोकाला पोचला आणि परत फिरला. पुढची भेट २०६१ साली. तोवर त्याने मागच्या शेकडो-हजारो वर्षांच्या फेऱ्यांत सांडलेले कण पृथ्वीला वर्षातून दोनदा भेटतात, मेमध्ये कुंभेतून आणि २१ ऑक्टोबरच्या सुमारास मृगातून. ज्यांना २०६१ पर्यंत थांबणं शक्य नाही, त्यांनी हॅलेचा एखादा कण तरी जळताना बघावा असं मला मनापासून वाटतं.

हे कण येतात ते समोरून. हॅले सूर्याभोवती ग्रहांच्या उलट्या दिशेने फिरतो. पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, त्यात कणांचा स्वतःचा वेग मिळवला की वातावरणात शिरताना तो सेकंदाला ६६ किलोमीटर होतो. ठाण्याहून पुण्याला सरळ रेषेत १२० किलोमीटर. हा कण ते अंतर दोन सेकंदांत कापेल. पहाटेचं कारणही यातच आहे. धावत्या लोकलच्या मोटरमनसमोरच्या काचेवर पावसाचे थेंब आपटतात, मागच्या डब्याच्या काचेवर क्वचितच. पृथ्वीची पुढची काच म्हणजे पहाटेची बाजू. संध्याकाळी आपण मागच्या डब्यात असतो, मध्यरात्रीनंतर हळूहळू पुढे येतो.

ठाण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९.२ अंश उत्तरेला, उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात तो कुंभेतला उगमबिंदू ६ मेला रात्री सव्वादोनच्या आत-बाहेर पूर्व क्षितिजावर येतो. साडेतीनला तो १८ अंश वर असतो, चारला २५ आणि पावणेपाचला ३५ अंश. हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली की ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे पावणेपाचला क्षितिजापासून साडेतीन मुठी. पाचला दहा कमी असताना पहाटेचा पहिला उजेड आकाशात मिसळू लागतो. सव्वासहाच्या आत सूर्य वर. कामाची वेळ उरते ती तीन ते पावणेपाच, जेमतेम पावणेदोन तास. रात्री दहाला गच्चीवर जाऊन बाराला कंटाळून खाली उतरणाऱ्यांना या वर्षावातली एकही उल्का दिसलेली नसते, कारण कुंभ रास तेव्हा उगवलेलीच नसते.

आता संख्येबद्दल, कारण लोकांचा हिरमोड सगळ्यांत जास्त इथेच होतो. बातम्यांत येणारा आकडा 'झेडएचआर' असतो. उगमबिंदू अगदी डोक्यावर आणि आकाश इतकं काळं, की साध्या डोळ्यांना ६.५ प्रतीचे तारे दिसावेत, अशा वेळी एका माणसाला तासाला जितक्या उल्का दिसतील, ती ही संख्या. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. कुंभेच्या वर्षावासाठी ती ५० च्या आसपास आहे. ठाण्यात यातली एकही अट पुरी होत नाही. उगमबिंदू ३५ अंशांवर असताना ५० ला त्या कोनाच्या साइनने, ०.५७४ ने गुणायचं. झाल्या २९. मग आकाशाचा उजेड. या वर्षावात एका प्रतीने मंद उल्का सुमारे २.४ पट असतात, म्हणजेच दिसणारी प्रत एकाने घटली की संख्येला २.४ ने भागायचं. ४.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसणाऱ्या जागी दोनदा भागून उरतात पाच. ३.५ पर्यंतच दिसत असतील, तर तिसऱ्यांदा भागून उरतात दोन.

तासाला दोन. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक गच्च्यांचं प्रामाणिक उत्तर याच्या आसपासचं आहे, आणि ते आधी सांगितलं तर माणसं रागावत नाहीत असा भरवसा वाटतो. शंभरची आशा दाखवून दोन दिसल्या, तर वर्षाव खोटा ठरतो. दोन सांगून तीन दिसल्या, तर ती पहाट लक्षात राहते. सरासरी दोन असताना एखादा तास पूर्ण कोरडा जाण्याची शक्यता साधारण सातात एक असते. कोरडा तास गेला म्हणून आपलं काही चुकलं असं समजू नये.

आपल्या गच्चीवरून कितव्या प्रतीपर्यंत दिसतं हे ठरवायला उपकरण लागत नाही. पहाटे चारला पूर्वेकडे तोंड केलं की उंचावर एक ठळक तारा दिसतो, तो श्रवण. त्याच्या थोडं खाली, डावीकडे पतंगासारखा चिमुकला चौकोन आहे, धनिष्ठा. चार कोपऱ्यांतले दोन तारे ३.६ आणि ३.८ प्रतीचे, सर्वांत मंद ४.४ चा. चारही स्पष्ट दिसले तर तुमची गच्ची चांगली. पतंगच सापडत नसेल, तर ३.५ धरा. संध्याकाळी हीच परीक्षा सप्तर्षींवर घेता येते: सातांतला मंद अत्री ३.३ चा, वसिष्ठाला चिकटलेली अरुंधती ४ ची. नव्या जोडप्याला अरुंधती दाखवायची रीत आहे; अंगणातून ती दिसत होती त्या काळातली ती रीत, आणि आज शहरात ती आकाशाच्या प्रतीची कसोटी होऊन बसली आहे. मेमध्ये खाडीकाठची दमट हवा हा उजेड आणखी पसरवते. रस्त्यांवरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. त्यांच्या प्रकाशात निळा भाग जास्त असतो, आणि हवेत निळा प्रकाशच अधिक विखुरतो.

उरलेला उजेड मात्र आपल्या हातातला असतो. सोसायटीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीन रूमवरचा दिवा आणि पाण्याच्या टाकीशेजारचा फ्लडलाइट हे दोन मोठे शत्रू. सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली घेतानाच, तीन ते पाच एवढ्याच वेळापुरते ते दोन दिवे बंद ठेवायची परवानगी घ्यावी आणि वॉचमनला आधी सांगून ठेवावं, नाहीतर पहाटे साडेतीनला तो काळजीने टॉर्च घेऊन वर येतो आणि डोळ्यांची अर्ध्या तासाची कमाई जाते. शेजारच्या टॉवरचा दिवा बंद करता येत नाही, पण टाकीच्या सावलीत बसता येतं. टाकी दिव्याच्या आणि तुमच्या मध्ये, पाय पूर्वेला, पाठ सतरंजीवर, मानेखाली उशी. खुर्चीत बसून मान वर करणारे वीस मिनिटांत खाली बघू लागतात. ओडोमॉस लावलेलंच बरं, खाडीलगतच्या वस्तीत तर नक्कीच.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. बाहुली काही सेकंदांतच मोठी होते, पण दृष्टिपटलातलं अंधारात बघायला लागणारं रंगद्रव्य सावकाश भरतं आणि पांढऱ्या उजेडाने क्षणात उतरतं. म्हणून मोबाइल बघायचा नाही. वेळ बघायला टॉर्चवर लाल पतंगी कागदाच्या दोन घड्या रबरबँडने बांधल्या की पुरे. लाल उजेडाने ते रंगद्रव्य फारसं बिघडत नाही. नजर उगमबिंदूवर रोखायची नाही. तिथे उल्का सरळ अंगावर येत असल्यामुळे आखूड, ठिपक्यासारख्या दिसतात. त्यापासून तीस-चाळीस अंश बाजूला, क्षितिजापासून पन्नासेक अंश वर, त्यातही जिकडे आकाश जास्त काळं तिकडे बघावं. ठाणे शहरातून नैर्ऋत्येला मुंबईचा उजेड आहे, पूर्वेला कळवा-डोंबिवलीचा; मधलं डोक्यावरचं आकाश बरं. ऐरोली-घणसोलीत पूर्वेला पारसिकची रांग काही अंश क्षितिज खाते. तिथे साडेतीनच्या आधी बसण्यात फारसा फायदा नाही.

येऊरला अंधार आहे म्हणून रात्री तिथे जायचा मोह होतो. जाऊ नये. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचा वावर आहे, आणि तो अंधार त्यांच्यासाठीच राखलेला आहे. उरणच्या पिरवाडी किनाऱ्याला समुद्र पश्चिमेला पडतो आणि पाठीमागे बंदराचे दिवे; पहाटेच्या पूर्वेसाठी ती जागा उलटी आहे. खरा फरक पडतो तो कर्जत मार्गावरच्या वांगणीच्या पुढे, शहापूर-मुरबाडच्या आतल्या गावांत किंवा शंभरेक किलोमीटरवरच्या माळशेजच्या दिशेने. ५.५ प्रत मिळाली, तर तोच हिशेब २९ भागिले २.४, म्हणजे तासाला बारा. मे महिन्यात शेतं मोकळी असतात, पण शेत कुणाचं तरी असतं. आदल्या दिवशी उजेडात जाऊन मालकाला विचारावं, रस्त्यावरून येणाऱ्या हेडलाइटची दिशा बघून ठेवावी आणि घाटाच्या कठड्यावर मात्र कधीच बसू नये.

तारखेइतकंच महत्त्व तिथीला आहे, आणि इथे भिंतीवरचं कालनिर्णय मोबाइलच्या अ‍ॅपपेक्षा पटकन उत्तर देतं. पहाटेच्या वर्षावाला शुक्ल पक्ष सोयीचा. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, पुढे दर तिथीला साधारण पाऊण-पाऊण तास उशिरा, म्हणजे दशमी-एकादशीपर्यंत आपली पहाट मोकळी राहते. पौर्णिमेनंतरचा आठवडा मात्र सगळा वाया, कारण कृष्ण पक्षातला चंद्र नेमका पहाटेच आकाशात असतो. २०२६ मध्ये बुद्धपौर्णिमा १ मेला, त्यामुळे वर्षावाच्या भरातल्या पहाटेंना मोठा चंद्र सोबतीला. २०२७ मध्ये मात्र ६ मेलाच अमावास्या. यापेक्षा चांगली जुळणी मागता येणार नाही.

एप्रिलच्या २२-२३ तारखेला आणखी एक छोटा वर्षाव असतो, अभिजित या ठळक ताऱ्याच्या स्वरमंडळ तारकासमूहातला. थॅचर नावाच्या धूमकेतूची ती धूळ, चारशेहून अधिक वर्षांनी येणाऱ्या. झेडएचआर १८, वेग सेकंदाला ४९ किलोमीटर. तो रात्री दहानंतर सुरू होतो आणि उत्तररात्री उगमबिंदू जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे आकडा लहान असूनही शहरातून हाती तेवढंच लागतं, तासाला एक-दोन. ज्यांना पहाटे उठणं जमत नाही त्यांनी तो घ्यावा.

तर, चटईवर पडून काय दिसतं? तीन-साडेतीनला, उगमबिंदू खाली असताना, उल्का कमी पण लांबलचक असतात. कण वातावरणाला जवळजवळ समांतर खरवडत जातो आणि पूर्वेकडून निघालेली रेघ माथ्यावरून पार पश्चिमेपर्यंत ओढली जाते. कुंभेच्या वर्षावातलं सर्वांत सुंदर दृश्य हेच, आणि ते मोजक्याच लोकांना दिसतं, कारण बाकीचे चारचा गजर लावतात. चारनंतर रेघा आखूड आणि संख्या जास्त. ठळक उल्का गेल्यावर तिच्या वाटेवर एखाद-दोन सेकंद धुरकट, मंद चमकणारी रेघ मागे राहते. तो धूर नसतो, तापून विद्युत्भारित झालेली हवा असते. वेगवान वर्षावांत अशा रेघा जास्त दिसतात. म्हणून उल्का विझल्यावर लगेच 'पाहिलीस का?' म्हणून शेजारी वळू नये. तिथेच दोन सेकंद बघत राहावं.

जळणारा कण वाळूएवढा, फार तर वाटाण्याएवढा. तो साधारण ११० किलोमीटर उंचीवर पेटतो आणि ९० च्या आसपास संपतो. त्यातलं काही जमिनीवर येत नाही. 'डोंगरामागे पडली', 'खाडीत पडली' असं ऐकू येतं तेव्हा एक हिशेब करून बघावा. क्षितिजापासून ३० अंशांवर दिसलेली, १०० किलोमीटर उंचीवरची उल्का आडव्या अंतरात आपल्यापासून सुमारे १७० किलोमीटर लांब असते. ठाण्याच्या गच्चीवरून पूर्वेला त्या उंचीवर दिसलेली रेघ पारसिकच्या डोंगरामागे पडलेली नसते. ती अहिल्यानगर जिल्ह्याच्या आकाशात जळालेली असते, आणि तिथल्या एखाद्या शेतावर जागलीला बसलेल्या माणसाला तीच उल्का थेट माथ्यावर दिसलेली असते. शब्दांतला फरकही पाळावा: आकाशात जळते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा असे पाच प्रकार केले होते. लक्षपूर्वक बघितल्याशिवाय अशी वर्गवारी होत नाही.

उल्का नसलेल्या गोष्टी ओळखणं हाही याच अभ्यासाचा भाग. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे एका रांगेत सावकाश सरकत गेले. अनेकांनी चित्रफिती काढल्या. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोठी धातूची कडी सापडली. तो परतणाऱ्या चिनी रॉकेटचा भाग असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. अशी रांग बघताच ओळखता येते. उपग्रहाच्या कक्षेतून पडणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो, म्हणून तिला आकाश ओलांडायला मिनिटभर किंवा जास्त लागतं आणि तुटलेले तुकडे समांतर चालतात. मोबाइल खिशातून काढून चित्रण करता आलं, तर ती कुंभेची उल्का नव्हे. ती एका सेकंदात संपते. विमानाचा दिवा लुकलुकतो. उपग्रह एकसारख्या गतीने सरकतो आणि हळूच विझतो.

फोटो काढायचाच असेल तर शहरात एक गोष्ट मुख्य: पुस्तकातली ३२०० आयएसओ आणि २५ सेकंदांची मोजमापं इथे पांढरंफट्ट आकाश देतात. २० मिलिमीटरच्या आसपासचं भिंग, एफ २.८, आयएसओ ८००, आठ ते दहा सेकंद, एकामागून एक अखंड फ्रेम. फोकस अभिजितवर हाताने लावावा आणि रिंग चिकटपट्टीने पक्की करावी. अंधारात हात लागून ती सरकली, तर सगळी पहाट धूसर निघते आणि ते कळतं घरी आल्यावर. दमट हवेत तासाभरात भिंगावर बाष्प धरतं, दर पंधरा मिनिटांनी कापडाने टिपावं. मोबाइलचा नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करताना क्षणभर आलेली रेघ अनेकदा पुसून टाकतो. फोटोत उल्का एकाच फ्रेममध्ये सापडते, दोन्ही टोकांना निमुळती, सुरुवातीला बहुधा हिरवट. सलग फ्रेममध्ये पुढे पुढे जाणारी एकसारखी रेघ उपग्रहाची.

मला विचाराल तर कॅमेऱ्यापेक्षा वही महत्त्वाची. इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशन ही संस्था जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून नोंदी घेते, आणि विषुववृत्ताच्या जवळच्या जागा कुंभेच्या वर्षावाला खास सोयीच्या असतात, कारण युरोपात उगमबिंदू वर यायच्या आतच उजाडतं. नोंद साधी आहे. सुरुवातीची आणि शेवटची वेळ. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ. दिसणारी मंदतम प्रत, दर अर्ध्या तासाला परत बघून. नजरेसमोरचा कितवा हिस्सा ढगांनी झाकला होता. मग प्रत्येक उल्केची वेळ, तिची प्रत, आणि ती मागे वाढवली तर कुंभेकडे जाते का. जात नसेल तर ती सुटी उल्का, तिची नोंद वेगळी. लिहायला खाली बघितलं की एखादी निसटते, म्हणून मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून पालथा ठेवावा आणि तोंडाने सांगावं. चहा घ्यायला उठलात तर तेवढी मिनिटं वजा करावीत.

साडेचारला कोकीळ ओरडायला लागतो. पावणेपाचला धनिष्ठेचा पतंग फिका होतो, श्रवण आणि अभिजित मात्र टिकून असतात. खालच्या रस्त्यावरून दूधवाल्याची सायकल आणि लांबून पहिल्या लोकलचा भोंगा येतो. तेव्हा रेकॉर्डर बंद करण्याआधी शेवटची ओळ बोलून ठेवायची: वेळ चार सत्तेचाळीस, प्रत साडेतीन, ढग नाहीत, कुंभेच्या दोन, सुटी एक.